तुटका असला तरी डॅशबोर्ड क्रश करू नका

मा. संपादक, स. न.

आमच्याकडे वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे, दोन वर्षं झाली ती परत उभी करतोय. इंजिनचं सामान शोधून शोधून नाना पेठेत मिळालं, पण डॅशबोर्डने घाम काढला. मीटरभोवतीची प्लास्टिकची फ्रेम उन्हाने तडकून चार तुकडे झालेली, लाइटचा नॉब गायब. जुना बाजार पालथा घातला, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे दोनदा जाऊन आलो, काहीच नाही.

शेवटी ते चार तुकडे चिकटवले, व्हर्नियरने मापं घेतली आणि भोसरीच्या एका पोराने कम्प्युटरवर ड्रॉइंग करून थ्रीडी प्रिंट काढून दिली. पहिली पीएलए या साध्या प्रिंटिंग प्लास्टिकची होती, बसली एकदम फिट, पण एप्रिलच्या उन्हात गाडी दिवसभर उभी राहिली आणि संध्याकाळी बघतो तर फ्रेम पापडासारखी वाकलेली, कारण पीएलए ६० डिग्रीच्या आसपासच मऊ पडतं आणि बंद गाडीत काचेखाली तेवढं सहज तापतं. मग एएसए नावाचं दुसरं प्लास्टिक वापरलं, ते १०० डिग्रीपर्यंत तग धरतं आणि उन्हाने लवकर खराबही होत नाही. प्रिंटच्या रेषा घासण्यात मात्र दोन रविवार गेले, आधी २२०चा सँडपेपर, मग ४००चा, प्राइमर, परत घासणं. नॉबसाठी मित्राच्या गाडीतला नॉब एक दिवस मागून आणला, सिलिकॉनचा साचा केला आणि काळं रेझिन ओतलं.

हे जमलं ते मूळ पार्ट हातात होता म्हणून. फोटोवरून होत नाही, मागच्या क्लिपा आणि स्क्रूची भोकं फोटोत दिसतच नाहीत. आणि इथेच माझी तक्रार आहे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाल्या. एका स्क्रॅप सेंटरवर अशीच एक पद्मिनी क्रशिंगला, म्हणजे दाबून भंगार करायला लागलेली, मी नुसती मीटरची फ्रेम मागितली, पैसे देतो म्हटलं, तर नियमात बसत नाही म्हणून परत पाठवलं. केंद्राच्या २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षं झाली की गाडी व्हिंटेज, म्हणजे माझी २०३४ला होईल, तोवर नमुन्याला एक पार्ट तरी शिल्लक राहील का?

गाडीची ओळख असलेल्या चेसिस नंबरचा तुकडा कापून घेतल्यावर प्लास्टिकच्या फ्रेमचा गैरवापर होण्यासारखं काही नाही. परिवहन खात्याने क्रश करायच्या आधी आतले पार्ट काढून विकायची मोकळीक द्यावी, तुटके असले तरी चालतील. आणि वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर पद्मिनीचं काही पडलं असेल तर कृपया टाकू नका, ग्लव्हबॉक्सचं झाकण मला अजून मिळालेलं नाही.

- एक पद्मिनीवाला, पुणे