सॉफ्टवेअर घेताना सोडचिठ्ठीचाही दर मागा

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

एका महापालिकेच्या लेखा विभागात मी नोकरी केली. सॉफ्टवेअरचा ठेकेदार बदलला तेव्हा जुन्याने मालमत्ता कराचा सगळा डेटा एका हार्डडिस्कवर आणून दिला. कोणत्या रकान्यात काय आहे याचा एक कागदही सोबत नव्हता. विचारलं तर म्हणाला, "करारात एवढंच आहे." करार काढून पाहिला. खरंच एवढंच होतं! पुढे कित्येक महिने, कर भरलेल्यांच्याही घरी थकबाकीच्या नोटिसा जात राहिल्या. एका आजोबांनी पावत्यांची पिशवीच माझ्या टेबलावर रिकामी केली.

तो ठेकेदार वाईट होता असं मला म्हणायचं नाही. आम्ही निविदाच खुर्च्या-कपाटांसारखी काढली होती. खुर्चीचा खर्च बिल दिलं की संपतो, सॉफ्टवेअरचा तिथून सुरू होतो. त्यामुळे एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा ठेकेदार, ठरण्यासाठी दर पाडायचा आणि पुढे प्रत्येक बदलाचं वेगळं बिल लावायचं, हे गणित धंद्यातल्या सगळ्यांना पाठ आहे.

केंद्राने ऑक्टोबर २०२१मध्ये काही खरेदींत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार द्यायची मुभा दिली. चांगलं झालं. पण गुण कशाला मिळतात? उलाढालीला, मनुष्यबळाला, प्रमाणपत्रांना. 'तुम्हाला सोडताना आम्हाला किती पडेल', हे ठेकेदाराला कोणी विचारत नाही.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम महापालिकेने १९९९पासूनची हिशेबाची सॅप ही सॉफ्टवेअर प्रणाली सोडून एप्रिल २०२२मध्ये ओरॅकल कंपनीची घेतली. १.९ कोटी पौंडांचा अंदाज १० कोटींच्या पुढे गेला आणि बँकेचा ताळमेळ माणसं बसवून हाताने घालायची वेळ आली. जुन्या सवयी मोडायच्या नाहीत म्हणून नव्या प्रणालीलाच वाकवत बसले होते. आपल्याकडेही 'आमच्याकडे असंच चालतं' म्हणणारे विभागप्रमुख कमी नाहीत. (मीही त्यातलाच होतो.)

खुल्या सोर्सचं (म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता-बदलता येतो असं) सॉफ्टवेअर घेतलं की प्रश्न मिटेल, असंही नाही. केंद्राचं तसं धोरण २०१५पासून आहे, आणि ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचं खुलं सॉफ्टवेअर तर आपल्या मुंबईतच घडलं. तरी रकान्यांची माहिती कोणी लिहून ठेवली नाही, तर सोर्स खुला असून आजोबांना काय उपयोग?

म्हणून मागणी एवढीच: आर्थिक देकारात हस्तांतराचा, म्हणजे करार संपल्यावर सगळं नव्या ठेकेदाराच्या हाती देण्याचा, दर वेगळा मागवा आणि तो धरूनच एल-वन ठरवा. वर्षातून एकदा, करार चालू असतानाच, सगळा डेटा रकान्यांच्या माहितीसह खुल्या स्वरूपात काढून दुसऱ्या यंत्रावर चालवून दाखवायला लावा. नवा ठेकेदार 'मिळालं, जुळलं' अशी सही करत नाही तोवर जुन्याची बँक गॅरंटी सोडू नका.

बीओक्यूच्या, म्हणजे ठेकेदार दर भरतात त्या तक्त्याच्या, एक्सेलमध्ये त्यासाठी एक ओळ वाढवावी लागेल.

आपला,
एक सेवानिवृत्त लेखाधिकारी