उलट बाजूचा फोटो पाठव

प्रिय आई आणि बाबा,

फादरांनी दुरुस्तीला दिलेला तो पांढरा मिस्साचा झगा अजून उसवला नसशील, तर आई, हात थांबव. उसवला असशील, तर तुकडे तरी टाकू नकोस.

परवा नाइट ड्यूटी संपल्यावर झोपायचं सोडून इथल्या, लंडनच्या, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेले. (तिकीट लागत नाही, बाबा!) तिथे ‘सायन कोप’ आहे. आपलं मुंबईचं सायन नव्हे, आणि देवाचा कोपही नव्हे. कोप म्हणजे मिरवणुकीत फादर खांद्यावरून घेतात तो अर्धवर्तुळाकार झगा. हा १३१० ते १३२० च्या सुमारास इंग्लंडमध्ये भरलेला, जवळजवळ तीन मीटर रुंद. खालचं लिनन कुठे दिसत नाही, सगळं रेशीम आणि जर. एका चौकटीत संत थॉमस येशूच्या जखमेला हात लावतोय. मी तिथेच उभी राहिले.

आई, आता तुझ्या कामाचं. आपण जर वर ठेवतो आणि बारीक दोऱ्याने वरूनच टाचतो. ते लोक तसं करत नसत. मागून लिननचा दोरा वर आणायचा, जरीला वेढा द्यायचा आणि त्याच भोकातून परत खाली ओढायचा. जरीचा इवलासा फास मागे जातो, टाका वर दिसतच नाही. प्रत्येक फास बिजागरीसारखा, म्हणून एवढ्या सोन्याने भरलेलं कापडही वळतं, झुलतं. तू लहानपणी माझं भरतकाम आधी उलटं करून बघायचीस, त्याचा मला किती राग यायचा!

इंग्लंडमधल्या ज्या जोगिणींकडे हा कोप होता, त्यांच्या मठाचं नाव सायन. देश सोडावा लागल्यावर फिरत फिरत त्या १५९४ मध्ये लिस्बनला पोचल्या. तेव्हा आपली वसईही पोर्तुगीजांकडेच होती.

तर झग्याचं. रेशीम कुजलंय पण पाठीवरचा जरीचा क्रूस शाबूत आहे, असं तू म्हणालीस. मग क्रूस त्याच्या अस्तरासकट कापून घे आणि नव्या कापडावर बसव. जुन्या चर्चांतही असंच करत. कापड विरलं तरी भरतकाम पुढच्या झग्यावर जाई. जर काळी पडलीय ती पडू दे. बाबा, लिंबू किंवा चिंच लावून घासायची नाही. तुमची समई वेगळी! मुलामा निघून जाईल आणि आतला रेशमी धागाही खराब होईल. कापेपर्यंत घडी घालू नका, मऊ धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवा.

आणि क्रूसाच्या उलट बाजूचा फोटो पाठवा, टॉर्च तिरका धरून. मला बघायचंय, कसा टाचलाय.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत सुईत दोरा बाबाच ओवतील. आई, भांडू नकोस.

तुमची,
धाकटी