तो बँड तुटलेल्या प्रथिनाचा नव्हता, ताई

प्रिय ताई,

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर तुझं नाव एका ओळीत येईलच. तेवढ्याने माझं समाधान होणार नाही, म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

आठ महिने मी त्या खालच्या बँडच्या (प्रथिनाच्या पट्टीच्या) मागे होते. मूळ प्रथिन जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारा थर, लहान ती खाली) वर दिसायचं आणि एकच अमिनो आम्ल बदललेलं प्रथिन त्याच्या खाली. ते तुटतंय असं धरून मी प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना रोखणारी रसायनं) बदलले, पेशी फोडण्याचं बफर बदललं, सगळं बर्फावर केलं. बँड काही जागचा हलला नाही. तुझा प्रकल्प वेगळा होता, तरी थांबून ब्लॉट (जेलवरचे बँड उमटवलेला पडदा) बघितलास आणि विचारलंस, "तुटलंय कशावरून? अडकलं असेल तर?"

मानवी पेशीत नवं प्रथिन ईआरमध्ये (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, प्रथिनांची घडी पडते ती जागा) शिरतं तेव्हा त्याच्या अ‍ॅस्परॅजिन या अमिनो आम्लावर १४ शर्करांची तयार साखळी बसते. टोकाच्या ३ ग्लुकोजपैकी दोन निघाले, एक उरला, की कॅल्नेक्सिन हे मदतनीस प्रथिन त्याला धरतं आणि घडी पडायला मदत करतं. घडी चुकली तर यूजीजीटी हे विकर ग्लुकोज परत चिकटवतं आणि प्रथिनाची पुन्हा कॅल्नेक्सिनकडे रवानगी होते. घडी जमली तर पुढे गॉल्जी, म्हणजे पेशीतला पुढचा टप्पा, आणि तिथे साखळीचं रूप पालटतं. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. माझ्या जेलवर तेच दिसतंय, हे मात्र तू दाखवलंस.

एंडो एच हे विकर ईआरमधली, मॅनोज या शर्करेने भरलेली साखळी कापतं. गॉल्जीत पालटलेली त्याला कापता येत नाही. पीएनजेज एफ हे दुसरं विकर दोन्ही कापतं. तू माझ्या वहीत पेन्सिलने लिहून दिलंस: "आधी एसडीएस घालून १० मिनिटं १०० अंशांवर. पीएनजेज एफला एसडीएस सोसत नाही, एनपी-४० विसरू नकोस." (एसडीएस प्रथिनाची घडी उलगडतं, एनपी-४० त्याचा विकराला होणारा त्रास कमी करतं.) ती ओळ नसती तर तो प्रयोगही फसला असता आणि मी पुन्हा इनहिबिटरकडेच वळले असते.

एंडो एचने खालचा बँड आणखी खाली सरकला, वरचा तसाच राहिला. पीएनजेज एफने दोन्ही एका रेषेत आले. म्हणजे प्रथिनाची लांबी तीच होती, फरक साखळ्यांचा होता; खालचं प्रथिन ईआरमध्येच अडकलं होतं. तेव्हा तू काहीच बोलली नाहीस, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलीस. मला रडू आलं होतं, ते तुला दिसलं असणार.

जाताना तू सीएफटीआरवरचा (सिस्टिक फायब्रोसिस या आजाराशी जोडलेलं प्रथिन) १९९२ चा पेपर देऊन गेलीस: एफ५०८डेल हा बदल असलेलं प्रथिन कमी तापमानात ईआरमधून निसटून पेशीपटलापर्यंत पोचतं. मी माझ्या पेशी ३० अंशांवर ठेवून पाहिल्या. ब्लॉट सोबत जोडला आहे. डावीकडून चौथी लेन (उभा रकाना) बघ, वरच्या जागी बँड आहे. फिकट आहे, पण तिन्ही वेळा आलाय.

तुझीच,
शेजारच्या बेंचवरची