ओढ बसू न दिल्याबद्दल

ताई,

काल संध्याकाळी तुम्ही माझ्या केसांची शेवटची सरळ टोकं कापलीत. जेमतेम दोन बोटं असतील. ती केरसुणीने कोपऱ्यात लोटलीत आणि "जालें गो" म्हणालात. मी पैसे पुढे केले तर "हाचे कसले पयशे?" म्हणून हात झटकलात. आभार मानायला तोंड उघडेपर्यंत तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकासाठी खुर्ची पुसायला घेतली होती. मग मी कदंबच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून रडले. कंडक्टरने सुट्या पैशांचा आग्रह धरला नाही, मुकाट शंभराची नोट घेतली. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता लिहिते. जाहीर लिहिते, कारण तोंडावर तुम्ही ऐकून घेणार नाही.

माझे केस कुरळे. घरात मात्र त्यांना कुरळे असं कुणी कधी म्हटलं नाही. आजी म्हणायची काथ्या, मावशी म्हणायची सुगरणीचं घरटं. आई काही न बोलता रोज सकाळी मागच्या दारच्या पायरीवर बसवून बारीक दातांच्या फणीने वरून खाली ओढायची. डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मागून "हलू नको" एवढंच ऐकू यायचं. मग खोबरेल चोपडून दोन घट्ट वेण्या. तरी शाळेत दुसऱ्या तासाला कपाळावरच्या बटा सुटायच्याच. गॅदरिंगला रामायण बसवायचं ठरलं की शूर्पणखा कोण हे बाई विचारायच्या नाहीत, सरळ माझ्याकडे बघायच्या. काम मी मन लावून केलं, टाळ्याही मिळाल्या. पण सीतेचे संवाद मला पाठ होते, हे आज सांगून टाकते.

२०१८ च्या जुलैत मासळीतल्या फॉर्मेलिन नावाच्या विषारी रसायनाच्या बातमीने गोव्यात केवढा गोंधळ उडाला होता, आठवतं? आमच्याकडे कितीतरी दिवस सुंगटांचं नाव कुणी काढलं नाही. वडील जेवायला बसत ते कुरकुरत आणि उठत तेही कुरकुरत. त्याच वर्षी चवथीच्या आधी मी एका चकचकीत पार्लरमध्ये साडेसहा हजार मोजून केस स्मूदनिंग करून घेतले. औषध लावून तापलेली इस्त्री फिरवली तसा धूर निघाला, डोळे चुरचुरले, घसा धरला. काय आहे हे, विचारलं तर "फक्त प्रोटीन, मॅडम." औषध लावणाऱ्या मुलीच्या तोंडावर मास्क होता, माझ्या नव्हता. पुष्कळ नंतर वाचलं की असल्या बऱ्याच औषधांतून उष्णतेने फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो. तोच पाण्यात विरघळवला की झालं फॉर्मेलिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच त्याला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. म्हणजे ताटात नको म्हणून ज्याला घाबरलो, ते मी डोक्यावर पैसे देऊन ओढवून घेतलं. वडिलांना हे अजून सांगितलेलं नाही.

ते चार महिन्यांत उतरलं. म्हणून पुढच्या वर्षीपासून केस कायमचे सरळ करणारं रिबाँडिंग, दर चवथीआधी. काही वर्षांनी केस तुटायला लागले. मुळातून गळत नव्हते, मधेच तुटत होते. उशीवर, बेसिनमध्ये, एकदा तर आमटीतही अर्धे अर्धे तुकडे. जिथे केलं तिथेच गेले, तर म्हणाले पुन्हा एकदा करा, बसतील. दुसरीकडे बाराशेचं सीरम गळ्यात मारलं. तिसरीकडच्या मुलीने माझी बट दोन बोटांत उचलून शेजारणीला दाखवली आणि दोघी हसल्या. बाराशे रुपये गेले ते गेले. ते हसणं मात्र मी विसरलेले नाही.

तुमच्याकडे मी फक्त भुवया करायला आले होते. एकच खुर्ची, आरशाच्या कोपऱ्यात शांतादुर्गेचा फोटो, भिंतीला पावसाची ओल. भुवया झाल्यावर तुम्ही माझ्या डोक्याकडे बघत राहिलात आणि विचारलंत, "हात लावूं?" एवढं तोवर कुणी विचारलं नव्हतं. मग बोट मुळापासून खाली नेत एका जागी थांबवलंत. वरची तीन बोटं कुरळी, खालचं सगळं सरळ, आणि सांध्यावर केस उसवल्यासारखा. "हांगा मोडटा," म्हणालात.

कानामागे एक गुंता होता, चार-पाच दिवसांचा. मी तो बांधून लपवत होते. तुम्ही त्यावर पाणी फवारलंत, कंडिशनर चोळलंत, रुंद दातांची फणी घेतलीत. आणि फणी लावण्याआधी डाव्या मुठीत ती बट गुंत्याच्या वरच्या बाजूला घट्ट धरलीत, मुळाशी सैल ठेवून. मग टोकाकडून सुरुवात. अर्धा इंच सुटला की थोडं वर, परत अर्धा इंच. सगळी ओढ तुमच्या मुठीला बसत होती, माझ्या डोक्यापर्यंत काही पोचत नव्हतं. मी सवयीने मान ताठ करून, डोळे मिटून, दुखायची वाट बघत बसले होते. दुखलंच नाही. पंधरा मिनिटं तरी गेली असतील, बाहेर बाकावर दोघीजणी थांबलेल्या. तुम्ही एकदाच विचारलंत, "दुखता?" मला नाही म्हणता येईना, घसा भरून आला होता. ते तुम्ही आरशात पाहिलंत आणि पंखा वाढवायला म्हणून उगाच उठलात. पंखा आधीच पाचावर होता, ताई.

चौतीस वर्षांची होते मी तेव्हा. केस विंचरताना दुखतंच, असं मी धरून चालले होते.

पुढचं सगळं त्या मुठीमागून आलं. रिबाँडिंगने केसातले गंधकाचे दुवे तुटून सरळच जोडले जातात, तो केस परत वळायचा नाही, मुळातून येईल तोच आपला. केस महिन्याला वाढणार सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर, तेव्हा घाई नको, सांधा जपत खालून थोडं थोडं कापू. दुवे-बिवे शब्द मी नंतर शोधले. तुम्ही फक्त "तो मेलो, ताका सोड" म्हणाला होता. टॉवेल नको, जुना मऊ पंचा घे. केस धुवायच्या आधी खोबरेल लाव. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली तेच दाखवून दिलंय, खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी जातात. तुम्हाला ते सांगितलं तर म्हणालात, "मागीर?" मग काय, एवढंच. दासवणीची, म्हणजे जास्वंदीची, पानं पाण्यात कुस्करून बुळबुळीत रस काढायचा, हेही तुम्हीच सांगितलंत. आमच्या परसात झाड होतं, आजी लावायचीही, पण शॅम्पूच्या पुड्या आल्या आणि ते फक्त देवाच्या फुलांपुरतं उरलं. शिकेकाईवर मात्र तुमचा फार जीव नाही, हे मला आवडलं. मळ काढते ती तेलही काढते, जुनी आहे म्हणून रोज घासायची नसते, म्हणालात. आणि दोन वर्षांत तुम्ही मला एकही बाटली विकली नाहीत.

अशी माणसं मी आता ओळखायला शिकले आहे. आमचा शिंपी ब्लाउजची शिवण उसवताना "कापड आटलं" म्हणतो, माझ्या दंडाबद्दल अवाक्षर काढत नाही. बाजारातली एक फुलवाली सुट्या फुलांतली कोमेजलेली बाजूला काढते आणि मग वजन करते. ही माणसं काही फार गोड बोलत नाहीत. तुम्ही तर मुळीच नाही. मी परत इस्त्री लावली होती तेव्हा तुम्ही मला दोन बायकांसमोर झापलं होतं, ते लक्षात आहे.

अजून एक, मग संपवते. गेल्या रविवारी आई न्हाऊन अंगणात बसली होती. चाळीस वर्षं तिचा घट्ट अंबाडा, सणाला वर अबोलीची फाती. केस मोकळे मी फारसे पाहिलेलेच नाहीत. वाळत आले तसे मानेपाशी वळू लागले. माझेच केस, पांढरे. मी फणी घेऊन मागे बसले, डाव्या मुठीत बट धरली, टोकाकडून सुरुवात केली. तिने मान ताठ केली होती. बऱ्याच वेळाने सैल सोडली आणि विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

तुमचा पत्ता दिला आहे. गुरुवारी येईल. बसल्याबसल्या सांगेल की माझे केस वाईट आहेत, लक्ष देऊ नका. पैसे मात्र तिच्याकडून घ्या, नाहीतर ती भांडेल. अगदीच नको असतील तर पिशवीत परसातले चार नारळ असतील, ते ठेवून घ्या.

तुमची,
कानामागच्या गुंत्याची