स्टेटस लाइनवाल्या ताईंचे जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

ठाण्यातल्या आमच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं पीडीएफमध्ये बांधणारा प्रोग्रॅम आता रात्रभर चालतो आणि कुणी मध्येच कंट्रोल-सी दाबून तो बंद पाडत नाही. पूर्वी टर्मिनल, म्हणजे प्रोग्रॅमचा मजकूर उमटतो ती खिडकी, तासन्‌तास गप्प असायचं. कार्यकर्त्यांना वाटायचं, अडकला. दर पानाला एक ओळ छापावी, तर एररचे मेसेज त्या गर्दीत कुठल्या कुठे जायचे.

उपाय तुम्ही सांगितलात: स्टेटस लाइन, म्हणजे काम कुठवर आलं ते दाखवणारी, जागच्या जागी बदलणारी एकच ओळ. त्या दिवशी ऐरोलीत, ऑफिस सुटल्यावर, तुम्ही माझा लॅपटॉप टपरीवरच उघडायला लावलात. कॅरेज रिटर्न, म्हणजे आस्की या अक्षरांच्या कोडतक्त्यातला १३ नंबर, कर्सरला त्याच ओळीच्या सुरुवातीला नेतो आणि जुन्यावर नवं लिहिता येतं, हे लगेच पटलं. खरी गंमत पुढे होती. ‘शिल्लक १०००’ वर ‘शिल्लक ९९९’ लिहिलं की स्क्रीनवर ‘शिल्लक ९९९०’! मागचं शून्य पुसणार कोण? एस्केप, डावा चौकटी कंस आणि कॅपिटल के, ही चिन्हं ओळीनं छापायची. कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं साफ. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनललाही (तेव्हा टर्मिनल म्हणजे स्क्रीन-कीबोर्डचं खरं यंत्र) कळणारी ही खूण आजच्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालते, याचं मला अजून नवल वाटतं.

फ्लश करायचं, म्हणजे बफर या तात्पुरत्या साठ्यातला मजकूर लगेच स्क्रीनवर ढकलायचा, हेही तुमचंच. ओळ संपवलीच नाही तर बफर मजकूर अडवून बसतो. स्टेटस एसटीडीएररवर, म्हणजे नेहमीच्या आउटपुटपेक्षा वेगळ्या, एररच्या वाटेनं पाठवायचा आणि समोर टर्मिनल नसेल तर छापायचाच नाही, म्हणून लॉग फाइलही स्वच्छ राहिली.

पण सगळ्यात उपयोगी पडलं ते फायलींच्या नावांचं. आमची नावं देवनागरीत, तीही लांबलचक. ओळ टर्मिनलच्या रुंदीबाहेर गेली की ती दोन ओळींत मोडते, कॅरेज रिटर्न फक्त खालच्या ओळीच्या सुरुवातीला जातो आणि वर कचरा साचत राहतो. नाव छाटावं म्हटलं, तर ‘अंक’मध्ये कोडपॉइंट (युनिकोडमधली चिन्हं) तीन आणि स्क्रीनवर घरं दोन. शिवाय काना-वेलांटीचं माप प्रत्येक टर्मिनल आपापल्या परीनं धरतं. तुम्ही म्हणालात, “आकडे आधी, नाव शेवटी, आणि छाटताना सढळ हातानं छाट.” तसंच केलंय.

उरलेला वेळ दाखवायची तुमची सूचना मात्र मानलेली नाही. एक अंक जाडजूड, पुढचा चोपडं. तो आकडा सारखा खोटा पडतो. पानं मोजलेली बरी.

चहाचे पैसेही तुम्हीच दिलेत. पुढच्या वेळी माझ्याकडून, गडकरी रंगायतनच्या बाजूला.

आपला,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता, ठाणे