सरकार पक्षकार असलेला लवाद बंद दाराआड नको: कायदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. कायदा व न्याय मंत्री यांस,
सादर नमस्कार.

सरकार ज्या आंतरराष्ट्रीय लवादात स्वतः पक्षकार असते, त्यातील दावा, उत्तर आणि निवाडा जनतेला वाचता यावा, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र आहे.

अमेरिकी यादवी युद्धात ब्रिटनमध्ये बांधलेल्या ‘अलाबामा’ आदी जहाजांनी केलेल्या नुकसानीबद्दल १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर भरण्यास सांगितले आणि ते भरले गेले. बलाढ्य राष्ट्रही निवाडा मानते, हा विश्वास तेव्हापासून रुजत गेला. व्यापारी लवादाला खरे बळ मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क कराराने दिले. आज १७० हून अधिक देश त्यात आहेत; परदेशी निवाड्याची अंमलबजावणी तेथील न्यायालये मोजक्याच कारणांवरून नाकारू शकतात आणि वादाच्या गुणदोषांत पुन्हा शिरू शकत नाहीत.

दोन व्यापाऱ्यांना ही अंतिमता आणि तिच्यासोबतची गोपनीयता सोयीची असते. पण एका बाजूला सार्वजनिक तिजोरी असेल तर? २०१० च्या एका वायू प्रकल्प करारावरून नायजेरियावर २०१७ मध्ये ६.६ अब्ज डॉलरचा निवाडा झाला आणि व्याजासह तो बोजा ११ अब्जांवर गेला. हा निवाडा लाचखोरी आणि फसवणुकीतून मिळवला होता, असे ठरवण्यास लंडनच्या उच्च न्यायालयाला २०२३ उजाडले. नायजेरियाच्या वकिलांचे गोपनीय कागदही प्रतिपक्षाच्या हाती पोहोचले होते. सुनावणी उघड असती तर हे लवकर बाहेर आले असते, असे खात्रीने म्हणता येणार नाही. पण पाहणारे डोळे नक्कीच वाढले असते.

संयुक्त राष्ट्रांचा २०१४ चा पारदर्शकता करार याच दिशेचा आहे, मात्र त्याला अनुसमर्थन (सही केल्यानंतरची औपचारिक मान्यता) देणारे देश फार थोडे आहेत. शिवाय तो देशादेशांतील गुंतवणूक तहांखालील वादांपुरता आहे. नायजेरियाचा वाद साध्या कंत्राटातून उद्भवलेला असल्याने त्याला तो लागूच झाला नसता. म्हणून अनुसमर्थनावर न थांबता, परदेशी कंपन्यांशी होणाऱ्या प्रत्येक सरकारी कंत्राटाच्या लवाद कलमात प्रसिद्धीची अट घालावी. व्यापारी गुपिते आणि संरक्षणविषयक तपशील वगळण्याची मुभा ठेवता येईल, परंतु काय वगळायचे हे पक्षकारांनी नव्हे, लवादाने कारणे नोंदवून ठरवावे.

आपला नम्र,
एक नागरिक