गाडीला आणखी 5 वर्षं दिलीत, मग तिचा कॉम्प्युटर पण मिळू द्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्यांवर हल्ली पेपरात बरंच येतं पण ते सगळं धूर, फिटनेस आणि भंगार यावरच असतं. जुनी गाडी नीट ठेवायची म्हटल्यावर माणसाला काय काय करावं लागतं हे कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आमची पेट्रोल गाडी 2007 ची, बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली, आता मी चालवते. 2022 ला 15 वर्षं झाली तेव्हा आरटीओत नेली, फिटनेस केलं, फी भरली 5 हजार (त्याच वर्षी एप्रिलपासून वाढली, आधी 600 होती), वर ग्रीन टॅक्स, आणि 5 वर्षांसाठी रजिस्ट्रेशन वाढवून मिळालं. म्हणजे 2027 पर्यंत ही गाडी रस्त्यावर चालवायला सरकारनंच परवानगी दिलेली आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये आईला डोळे दाखवायला गगनबावड्याहून कोल्हापूरला आणत होते आणि वाटेत धो धो पावसात गाडी बंद पडली, काही केल्या चालू होईना, वीसेक मिनिटं थांबलो आणि मग आपोआप चालू झाली. नंतर हे रोजचंच झालं. गरम झाली की बंद, गार झाली की चालू. शोरूमच्या वर्कशॉपात नेली तर आधी क्रँक सेन्सर बदलला, मग कॉईल, मग पेट्रोल पंप, प्रत्येक वेळी बिल आणि प्रत्येक वेळी आठ दिवसांत तोच प्रॉब्लेम. शेवटी म्हणाले ईसीएम गेलाय, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, नवीन 38 हजार, दीड महिना लागेल आणि येईलच याची खात्री नाही. गाडी विकली तर 70 हजार येतील. काउंटरवरच्या मुलानं सरळ सांगितलं की मॅडम आता एक्स्चेंज करून टाका.

तिथून मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका जुन्या वायरमनकडे गेले. ते म्हणाले, "ताई, ईसीएमवर लगेच खापर फोडायचं नसतंय, आधी त्याला जेवण मिळतंय का ते बघू." जेवण म्हणजे करंट. चावी ऑन केली की चेक इंजिनचा दिवा लागतो का, पंपाचा दोन सेकंदांचा आवाज येतो का, तपासणीचा स्कॅनर जोडला की ईसीएम त्याच्याशी बोलतो का, हे बघितलं. मग फ्यूज, मेन रिले (ईसीएमला करंट सोडणारा स्विच), ईसीएमच्या पिनांवर बॅटरीचे पूर्ण व्होल्ट येतात का, आणि अर्थिंग. अर्थची वायर बॉडीला जिथं बोल्टनं बसते तिथं गंज होता, तो घासून काढला. जुन्या गाड्यांत निम्मे ईसीएम या खराब अर्थमुळे विनाकारण बदलले जातात असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटलं कारण शोरूमनं अर्थ बघितलाच नव्हता. मग सेन्सरना ईसीएमकडून जे 5 व्होल्ट जातात ते मोजले, गाडी गरम झाल्यावर ते खाली येत होते. एखादा शॉर्ट झालेला सेन्सर पण हे व्होल्ट ओढून खाली आणतो म्हणून एकेक सेन्सरचा सॉकेट काढून परत मोजले, फरक पडला नाही. तेव्हा कुठं ते म्हणाले की हो, दोष ईसीएममध्येच आहे. हे सगळं करायला एक दुपार लागली, बाकी काही नाही.

ईसीएमचा डबा उघडला तर आत हिरवी बुरशी धरल्यासारखं तांबं सडलेलं. 2019 च्या पुरात आमच्या पार्किंगमध्ये पाणी गाडीच्या कार्पेटपर्यंत आलं होतं आणि आमच्या गाडीत हा डबा डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली पायापाशीच आहे. गाडी तेव्हा वाळवून चालू झाली म्हणून आम्ही निश्चिंत होतो, पण ओल आत राहिली आणि पाच वर्षं हळूहळू खात बसली. शिवाय आतले दोन कपॅसिटर, म्हणजे करंट साठवणारे छोटे भाग, सुकलेले. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन त्यातलं द्रव्य आटतं, कधी फुटून खालच्या तांब्याच्या रेघा (ट्रॅक) पण खातं. दुरुस्तीचे 3,500 झाले, चार महिने गाडी मस्त चालली आणि मग पूर्णच गेली.

त्यापुढचं ऐका. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे पार्ट मिळतात, तिथून अगदी त्याच पार्ट नंबरचा ईसीएम मागवला, बसवला, स्टार्टर फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही. कारण इमोबिलायझर. चावीत एक चिप असते, तिचा कोड ईसीएममधल्या कोडशी जुळला तरच इंजिन चालतं. चोरी होऊ नये म्हणून ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण माझी गाडी, माझी चावी, माझ्या नावाचं आरसी बुक, तरी कोड जुळवून द्यायला वर्कशॉप तयार नाही, जुना ईसीएम आम्ही हात लावत नाही म्हणे. मग एका मुलानं जुन्या ईसीएमच्या मेमरी चिपमधला डेटा काढून दुसऱ्यात उतरवला, पाऊण तासाचं काम, आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू. ईसीएम धरून 11 हजार. आज गाडी पळतेय, पीयूसी पण नीट आलं.

पण दोन गोष्टी मला टोचतात. मी घेतलेल्या त्या ईसीएमची पावती नाही. तो कुठल्या गाडीतून निघाला, ती गाडी चोरीची होती का रीतसर भंगारात गेलेली, मला माहीत नाही, आणि सरळ मार्गानं तो मिळत नव्हता म्हणून मी गप्प बसून पैसे दिले. आणि कोड जुळवायचं जे काम कंपनीनं माझी कागदपत्रं बघून करायला पाहिजे ते एका पोरानं आडबाजूच्या गाळ्यात केलं, तो हुशार आणि प्रामाणिक निघाला हे माझं नशीब.

हे गाडीवाल्यांचे लाड म्हणून सोडून देऊ नका. 2000 च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले म्हणून कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं आणि त्याबरोबर हा कॉम्प्युटर आला. तो बिघडला की पेट्रोल जास्त जातं, काळा धूर येतो. अमेरिकेत ईसीएम हा प्रदूषण रोखणारा मुख्य भाग धरतात आणि त्याची वॉरंटी कायद्यानंच 8 वर्षं किंवा 80 हजार मैल आहे, म्हणजे जवळपास 1 लाख 29 हजार किलोमीटर. आपल्याकडे 2014 च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींवर दंड ठोठावला, कारण हेच, बाहेरच्या गॅरेजना पार्ट आणि तपासणीची साधनं मिळू देत नाहीत. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं आणि गाड्या अशी चार क्षेत्रं घेतलीत. चांगलं आहे. पण उद्यमनगरातल्या माझ्या वायरमनच्या हातात अजून वायरिंगचा नकाशा पण नाही, ते 20 वर्षांच्या अनुभवावर पिना ओळखतात.

माझी मागणी साधी आहे. ज्या मॉडेलच्या गाड्यांना आरटीओ 15 वर्षांनंतर रजिस्ट्रेशन वाढवून देतं त्या मॉडेलचा ईसीएम कंपनीनं पुरवावा, आणि बनवणं बंद केलं असेल तर आरसी आणि ओळखपत्र बघून जुना ईसीएम त्या गाडीला जुळवून द्यावा, वाजवी फी घेऊन, नोंद ठेवून. आणि 2021 च्या नियमांनी जी अधिकृत स्क्रॅप सेंटर निघालीत त्यांनी चांगले ईसीएम दळून न टाकता चेसिस नंबरची नोंद करून पावतीवर विकावेत. चोराची वाट त्यानं बंद होईल, कारण मग विनापावतीचा माल घ्यायची गरजच राहणार नाही.

आणि कोल्हापूर-सांगलीच्या वाचकांना एक विनंती. 2019 किंवा 2021 च्या पुरात ज्यांच्या गाडीत पाणी शिरलं होतं त्यांनी पाऊस सुरू व्हायच्या आत वायरमनकडून ईसीएम बघून घ्या, तो कुठं बसवलाय ते गाडीगणिक वेगळं असतं. सॉकेट काढायच्या आधी बॅटरीची वायर काढायला सांगा. पिनांवर हिरवट दिसलं तर लगेच साफ करून घ्या, तेव्हा खर्च थोडक्यात भागतो. आणि ईसीएम बदलायचीच वेळ आली तर पहिला कशानं गेला ते शोधल्याशिवाय दुसरा बसवू देऊ नका, शॉर्ट झालेली कॉईल किंवा इंजेक्टर तसाच राहिला तर नवा पण जळतो.

आपली,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर